जगदीशचंद्र बोस आणि लाजाळूचा मज्जातंतू

कोलकाता शहर मागे टाकून हुगळी नदी समुद्राकडे निघाली, की तिच्या पूर्व काठावर बजबज हे गाव लागते. तागाच्या गिरण्या, खनिज तेलाच्या प्रचंड टाक्या आणि जहाजांचा धक्का यांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे गाव भरभराटीस आले. इतिहासाच्या ग्रंथांत बजबजचे नाव प्रामुख्याने दोन प्रसंगांनी येते. फेब्रुवारी १८९७ मध्ये पाश्चात्त्य देशांचा दौरा आटोपून परतलेले स्वामी विवेकानंद येथेच उतरले आणि येथून आगगाडीने कोलकात्यास गेले. पुढे २९ सप्टेंबर १९१४ रोजी कॅनडातून परत पाठविलेले 'कोमागाता मारू' हे जहाज याच धक्क्याला लागले आणि त्यातील निःशस्त्र प्रवाशांवर गोळीबार झाला. या दोन घटनांच्या मानाने तिसरी गोष्ट फारच निवांत आहे. बजबजच्या खाली, नदीच्या त्याच काठाने आणखी दक्षिणेस गेल्यावर फालता हे ठिकाण येते. फालता येथे, तसेच या नदीकाठच्याच सिजबेरिया गावी, एका शास्त्रज्ञाने झाडाझुडपांचा अभ्यास करण्यासाठी आपली केंद्रे थाटली होती. झाडाला मज्जातंतू असतो का, हा त्यांचा प्रश्न होता. त्या प्रश्नासाठी त्यांनी आयुष्याची साडेतीन दशके वेचली आणि पुष्कळ उपहासही सोसला. ते शास्त्रज्ञ म्हणजे आचार्य जगदीशचंद्र बोस.

लाजाळूचे रोप आपल्याकडे कोकणात आणि घाटमाथ्यावर सर्रास दिसते. तिच्या एका टोकाच्या पर्णिकेला बोट लावले, की शेजारच्या जोड्या एकापाठोपाठ मिटत जातात आणि स्पर्श जरा जोराचा असेल तर अखेर सगळे देठच खाली पडते. येथे विचार करण्यासारखी गोष्ट अशी, की स्पर्श झाला टोकाला आणि हालचाल झाली दूरवर देठाच्या बुडाशी. ही वर्दी तेथवर कोणी नेली? माणसाच्या बोटाला चटका बसला तर ती वार्ता मज्जातंतू नेतात. मज्जातंतू हे मज्जापेशींचे लांब धागे होत. अशी एकेक पेशी डोळ्यांना न दिसण्याइतकी सूक्ष्म असली, तरी तिच्यातून निघणारा धागा कधी कधी एक मीटरहूनही लांब असतो आणि त्यातून विजेचा क्षणिक स्पंद धावतो. वनस्पतीच्या अंगात अशी पेशी कोणी पाहिलेली नव्हती. म्हणून जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी निराळे उत्तर दिले होते. फेफर यांनी देठाला क्लोरोफॉर्म लावून पाहिले. वर्दी थांबली नाही. तेव्हा जिवंत पेशींचा येथे संबंध नाही, नळीतले पाणी एका बाजूने दाबले की दुसऱ्या बाजूला धक्का पोहोचतो, तसाच हा पाण्याचा धक्का आहे, असे ठरले. हाबरलांट यांचेही मत याच धर्तीचे होते. या मताला जगदीशचंद्रांनी आव्हान दिले. वास्तविक ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक नव्हते. ते पदार्थविज्ञान शिकवीत असत.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमध्ये झाला. वडील भगवानचंद्र हे सरकारी अधिकारी होते आणि फरीदपूर येथे त्यांची नेमणूक होती. मुलाला इंग्रजी शाळेत घालणे त्या काळी प्रतिष्ठेचे मानले जाई, परंतु भगवानचंद्रांनी त्याला बंगाली पाठशाळेत घातले. तेथे त्याच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसे आणि दुसऱ्या बाजूला कोळ्याचा. पाण्यातले जीव, पाखरे आणि रानातली झाडे यांच्या गोष्टी त्याने या सोबत्यांकडून ऐकल्या. शाळेत नेण्या-आणण्यासाठी ठेवलेला नोकर पूर्वाश्रमीचा दरोडेखोर होता. भगवानचंद्रांनीच त्याला शिक्षा केली होती आणि सुटून आल्यावर पोटापाण्यासाठी त्यांनीच त्याला घरात कामाला ठेवले होते. पाठशाळेत मिळालेली मातृभाषा जगदीशचंद्रांनी पुढे सोडली नाही. विज्ञानावरचे त्यांचे बंगाली निबंध १९२१ मध्ये 'अव्यक्त' या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले.

पुढे कोलकात्यास सेंट झेवियर्समध्ये फादर लाफाँ यांच्या हाताखाली त्यांना प्रयोगांची गोडी लागली. १८८० मध्ये वैद्यक शिकण्यासाठी ते लंडनला गेले. पण भारतात असतानाच जडलेला ताप शवविच्छेदनाच्या खोलीतील उग्र वासाने बळावू लागला आणि तो अभ्यास त्यांना सोडून द्यावा लागला. ते केंब्रिजला गेले. तेथे लॉर्ड रॅली यांच्याकडे पदार्थविज्ञान, मायकेल फॉस्टर यांच्याकडे शरीरक्रियाशास्त्र, तर फ्रान्सिस डार्विन आणि सिडनी व्हाइन्स यांच्याकडे वनस्पतिशास्त्र, असे निरनिराळे विषय त्यांना शिकावयास मिळाले. वैद्यक सुटले नसते, तर हा त्रिवेणी योग बहुधा आला नसता.

१८८५ मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रुजू झाले. तेथे युरोपीय प्राध्यापकाच्या वेतनाच्या दोन-तृतीयांश वेतन भारतीयाला देण्याचा प्रघात होता आणि नेमणूक हंगामी असल्यामुळे त्याच्याही निम्मेच जगदीशचंद्रांच्या हाती पडावयाचे होते. त्यांनी ते नाकारले. नोकरी मात्र सोडली नाही. तीन वर्षे एकही पैसा न घेता ते नेमाने शिकवीत राहिले. या काळात वडील कर्जबाजारी झाले होते आणि १८८७ मध्ये अबला दास यांच्याशी विवाह होऊन संसारही सुरू झाला होता. अखेर सरकारने त्यांना पूर्ण वेतन मागील तारखेपासून दिले. ती रक्कम वडिलांचे कर्ज फेडण्यात गेली.

कॉलेजात संशोधनासाठी प्रयोगशाळा नव्हती. एका लहानशा खोलीत, स्थानिक कारागिरांकडून उपकरणे घडवून घेऊन, त्यांनी १८९४ च्या अखेरीस विद्युत्-चुंबकीय लहरींवर काम सुरू केले. काही मिलिमीटर इतक्या आखूड लहरी त्यांनी निर्माण केल्या आणि १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतीपलीकडील घंटा तारेवाचून वाजवून दाखविली. बिनतारी संदेशवहनाच्या इतिहासात त्यांचे स्थान यामुळेच आहे. या भागाचे वर्णन इतरत्र पुष्कळ आढळते. येथे महत्त्वाचे आहे ते त्या लहरी टिपणाऱ्या उपकरणाचे एक विचित्र वागणे. १८९९ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आले, की सतत वापरल्यावर उपकरणातील धातू मंद प्रतिसाद देऊ लागतो आणि थोडी विश्रांती दिली की तो पुन्हा ताजातवाना होतो. थकलेल्या स्नायूचा आलेख आणि थकलेल्या धातूचा आलेख त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. दोन्हींतील साम्य त्यांना चकित करणारे वाटले. धातू आणि प्राणी यांच्या मधली पायरी वनस्पतीची. तेव्हा गाजर, मुळा, फुलकोबीचा देठ अशा बाजारात मिळणाऱ्या भाज्यांना विजेच्या तारा जोडून त्यांचा प्रतिसाद ते पाहू लागले. १९०० मध्ये पॅरिसच्या पदार्थविज्ञान परिषदेत त्यांनी हे विचार मांडले. बजबजला उतरलेले विवेकानंद त्या वेळी पॅरिसमध्ये होते आणि आपल्या या देशबांधवाचा त्यांनी मोठ्या अभिमानाने गौरव केला.

लंडनमध्ये मात्र वारे उलटे वाहू लागले. ६ जून १९०१ रोजी रॉयल सोसायटीपुढे जगदीशचंद्रांनी साध्या वनस्पतींचे विद्युत्-प्रतिसाद दाखविले. शरीरक्रियाशास्त्राचे ज्येष्ठ आचार्य बर्डन-सँडरसन उठले. योगायोगाची गोष्ट अशी, की वनस्पतीमध्ये विजेचा स्पंद सर्वप्रथम त्यांनीच टिपला होता. चार्ल्स डार्विन यांच्या सांगण्यावरून १८७३ मध्ये त्यांनी कीटक पकडणाऱ्या 'व्हीनस फ्लायट्रॅप' या वनस्पतीत तो दाखवून दिला होता. परंतु असा स्पंद केवळ हालचाल करणाऱ्या अपवादात्मक वनस्पतींतच असू शकतो, साध्या भाजीपाल्यात नव्हे, असे त्यांचे ठाम मत होते. पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने आपले क्षेत्र सोडून येथे येऊ नये, असे त्यांनी सुचविले आणि निबंधाच्या शीर्षकातील 'प्रतिसाद' या शब्दाऐवजी 'भौतिक प्रतिक्रिया' असा शब्द घालावा असा आग्रह धरला. एका शब्दाची ती अदलाबदल होती. तो शब्द बदलला असता, तर निबंध बहुधा छापला गेला असता. जगदीशचंद्रांनी बदलला नाही. निबंध सोसायटीच्या दप्तरात जाऊन पडला.

रजा संपत आली होती आणि पैसाही. तेव्हा रवींद्रनाथ ठाकूर यांनी त्रिपुराच्या महाराजांकडून मदत मिळवून दिली आणि जगदीशचंद्रांना लंडनमधील मुक्काम वाढविता आला. १९०२ च्या फेब्रुवारीत त्यांनी लिनियन सोसायटीपुढे तेच प्रयोग करून दाखविले. केंब्रिजचे गुरू व्हाइन्स त्या सोसायटीचे अध्यक्ष होते. या वेळी निबंध स्वीकारला गेला. दरम्यान ऑगस्टस वॉलर या शास्त्रज्ञाशी, हा शोध आधी कोणाचा, यावरून वाद निर्माण झाला होता. त्यातही जगदीशचंद्रांचा अग्रमान मान्य झाला.

या वॉलर नावापाशी थोडे थांबावयास हवे. त्यांचे वडीलही ऑगस्टस वॉलरच. आणि मज्जातंतूंच्या अभ्यासात वडिलांचे नाव कायमचे कोरले गेले आहे. १८५० मध्ये थोरल्या वॉलर यांनी बेडकाच्या जिभेकडे जाणारा मज्जातंतू कापला आणि पुढे काय होते ते सूक्ष्मदर्शकातून पाहिले. कापलेल्या तंतूचा जो भाग आपल्या पेशीपासून तुटला, तो काही दिवसांत विरघळल्यासारखा नष्ट झाला. जो भाग पेशीला जोडलेला होता, तो टिकला. यावरून तंतूचे पोषण पेशीकडून होते हे कळले. जगदीशचंद्रांचे समकालीन असलेले स्पेनचे शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी पुढची वाट शोधली. १८५२ मध्ये जन्मलेल्या काहाल यांनी १८८८ पासून दाखवून दिले, की मज्जासंस्था हे सलग जाळे नसून सुट्या सुट्या पेशींची रचना आहे. १८९० मध्ये कोंबडीच्या गर्भात त्यांना वाढत्या तंतूच्या अग्राशी एक छोटा शंकू दिसला; चाचपडत, वाट शोधत तो शंकू पुढे सरकतो आणि त्याच्यामागे तंतू लांबत जातो. कापलेल्या तंतूच्या बुडख्यातूनही असाच अंकुर फुटतो, हे त्यांनी १९१३ आणि १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडले. माणसाच्या हातापायातील तुटलेला मज्जातंतू योग्य उपचार झाल्यास दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतो. म्हणजे खांद्यापाशी इजा झाली तर बोटांपर्यंत संवेदना परतण्यास वर्ष-दोन वर्षे लागू शकतात. मेंदूतील आणि पाठीच्या कण्यातील तंतू मात्र प्रौढपणी सहसा असे पुन्हा वाढत नाहीत आणि हा प्रश्न अद्यापही पुरता सुटलेला नाही.

काहाल माद्रिदमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मज्जापेशींचा आकार रेखाटीत होते, त्याच काळात जगदीशचंद्र कोलकात्यात निराळ्या मार्गाने जात होते. वनस्पतीत मज्जापेशीचा आकार दिसत नाही हे त्यांना ठाऊक होते. त्यांचा प्रश्न आकाराचा नसून कार्याचा होता. वर्दी जर खरोखर जिवंत पेशी नेत असतील, तर थंडीने ती मंदावली पाहिजे, उष्णतेने वेगाने धावली पाहिजे, विषाने थांबली पाहिजे. नळीतल्या पाण्याच्या धक्क्याला या गोष्टींची पर्वा नसते.

हे तपासण्यासाठी नाजूक उपकरण हवे होते. लाजाळूचे पान इतके हलके असते, की त्याला जोडलेली लेखणी काजळी धरलेल्या काचेवर घासू लागली की त्या घर्षणानेच तिची हालचाल अडते. जगदीशचंद्रांनी त्यावर काढलेली तोड मोठी कल्पक होती. लेखणी सतत टेकलेली ठेवण्याऐवजी त्यांनी ती सेकंदाला ठरावीक शेकडो वेळा थरथरती ठेवली. ती काचेला नुसता स्पर्श करून मागे सरे आणि रेघेऐवजी ठिपक्यांची ओळ उमटे. त्यामुळे घर्षण गेले, आणि दोन ठिपक्यांमधील काळ ठाऊक असल्याने घड्याळाचे कामही आपोआप झाले. सेकंदाचा हजारावा भाग मोजता येईल इतकी अचूकता या उपकरणांतून साधली गेली. ती सारी कोलकात्यातील कारागिरांच्या हातून घडली होती.

आता रोपे स्वतःच आपली हकीकत लिहू लागली. देठातून वर्दी सेकंदाला काही सेंटिमीटर या वेगाने जाते असे आढळले. बेडकाच्या मज्जातंतूत हा वेग सेकंदाला सुमारे तीस मीटर असतो; त्या मानाने लाजाळूची वर्दी फारच संथ म्हणावी लागेल. पण देठाचा मधला भाग गार केला की वर्दी रेंगाळे आणि फार गार केला की अडे. ऊब दिली की वेग वाढे. विषारी पोटॅशियम सायनाइड लावले की वर्दी तेथेच संपे. दिवसरात्र नोंद ठेवल्यावर असेही दिसले, की लाजाळू मध्यरात्रीनंतर हळूहळू सुस्तावते, सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान जवळजवळ निपचित असते आणि दुपारी पूर्ण जागी होते. उशिरा उठणाऱ्यांना एवढा भक्कम वैज्ञानिक आधार दुसरीकडे क्वचितच मिळेल!

या प्रयोगमालेतील एक प्रयोग विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. एक रोप त्यांनी काचेच्या आवरणाखाली जपून वाढविले. वारा नाही, पाऊस नाही, कोणाचा धक्का नाही. रोप दिसावयास मोठे तुकतुकीत आणि गुबगुबीत झाले. परंतु त्याची परीक्षा घेतली तेव्हा वर्दी वाहून नेण्याची शक्ती त्याच्यात जवळजवळ उरलेली नव्हती. मग त्याला एकामागून एक आघात देण्यास सुरुवात केली. पहिल्या आघातांना उत्तर आले नाही. पुढे अगदी क्षीण उत्तर येऊ लागले, आणि आघातांची मालिका चालू राहिली तशी ती वाट उघडत गेली; वर्दी अधिक दूरवर, अधिक वेगाने जाऊ लागली. आघातांनीच मज्जातंतूची वाट घडविली, असा अर्थ जगदीशचंद्रांनी लावला. १९६० च्या दशकात ह्युबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिलांवर केलेले प्रयोग या संदर्भात आठवतात. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत पिलाचा एक डोळा बंद ठेवला, तर तो डोळा पुढे उघडल्यावरही मेंदू त्याच्याकडून फारसे काही घेत नाही; कारण प्रकाशाच्या आघातावाचून त्या डोळ्याच्या मज्जापेशींची मेंदूतील जोडणी नीट वाढतच नाही. वनस्पतीतील वाट आणि मांजराच्या मेंदूतील वाट या अर्थातच दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. तरीही उद्दीपनाशिवाय संवेदनेची वाट खुंटते, ही कल्पना जगदीशचंद्रांनी लाजाळूवरून कितीतरी आधी मांडली होती.

१९१५ मध्ये ते प्रेसिडेन्सी कॉलेजातून निवृत्त झाले आणि ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशी, त्यांनी कोलकात्यात बोस संशोधन मंदिराची स्थापना केली. भगिनी निवेदिता यांनी या कल्पनेचा वर्षानुवर्षे ध्यास घेतला होता. जगदीशचंद्रांच्या ग्रंथांच्या लेखनातही त्यांचे मोठे साहाय्य झाले होते. १९११ मध्ये त्या निवर्तल्या. संस्थेच्या प्रवेशापाशी हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे जे शिल्प आहे, ते त्यांच्या स्मरणार्थ. शहराच्या धुरापासून दूर, नदीकाठी सिजबेरिया येथे मोकळ्या जमिनीतील झाडांवर प्रयोग होत. तेथील एका खजुरीच्या झाडाची हालचाल जगदीशचंद्रांनी अहोरात्र टिपली. असेच एक खजुरीचे झाड फरीदपूरला होते. संध्याकाळी ते भूमीकडे लवे आणि सकाळी पुन्हा उठे, म्हणून लोक त्याला भक्त समजून नवससायास करीत. तापमान वाढले की झाड लवते आणि उतरले की उठते, एवढेच त्यामागचे कारण आहे, हे त्या नोंदींनी सिद्ध केले.

वनस्पतीची वाढ मोजण्यासाठी त्यांनी क्रेस्कोग्राफ बनविला. उपकरणांना संस्कृत नावे द्यावीत अशी त्यांची इच्छा होती. परंतु 'कुंचनमान' या नावाचे विलायती तोंडी 'कांचनमॅन' झाले, आणि मग वाढ मोजणाऱ्या यंत्राला 'वृद्धिमान' म्हणण्याचा विचार त्यांनी सोडून दिला. साधा क्रेस्कोग्राफ वाढ दहा हजार पट मोठी करून दाखवी. चुंबकीय क्रेस्कोग्राफ तर एक कोटी पटींपर्यंत. अनेकांचा यावर विश्वास बसेना. १९२० मध्ये धाकट्या वॉलर यांनीच वृत्तपत्रातून जाहीर शंका घेतली. तेव्हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात नामवंत शास्त्रज्ञांसमोर प्रयोग झाला. यंत्र वाढीची नोंद दहा लाख ते एक कोटी पटींपर्यंत अचूक करते, असे त्यांनी 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून कळविले. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने जगदीशचंद्रांना आपले सदस्यत्व दिले. एकोणीस वर्षांपूर्वी ज्या दप्तरात त्यांचा निबंध पडला होता, तीच ही सोसायटी.

मज्जातंतूचा प्रश्न मात्र अजून संपलेला नव्हता. वर्दी नेमकी कोणत्या पेशी नेतात? काचेच्या नळीत बसविलेली अतिशय बारीक प्लॅटिनमची तार त्यांनी देठात किंचित किंचित आत सरकविली आणि प्रत्येक थरातील वीज मोजली. सर्वांत तीव्र स्पंद अन्नरस वाहून नेणाऱ्या रसवाहिन्यांच्या थरात मिळाला. यालाच त्यांनी वनस्पतीचा मज्जातंतू म्हटले. १९२६ मध्ये या विषयावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी रवींद्रनाथांना अर्पण केला आहे. तत्पूर्वी, १९१६ मध्ये, इटलीचे रिक्का यांनी निराळाच प्रयोग केला होता. त्यांनी लाजाळूसारख्या वनस्पतीची फांदी कापून तिचे दोन भाग पाण्याने भरलेल्या नळीने जोडले, तरीही वर्दी पलीकडे गेली. तेथे जिवंत पेशींचा दुवाच नव्हता. अर्थात काहीतरी रसायन पाण्याबरोबर वाहत गेले असले पाहिजे. जगदीशचंद्रांनी हे मत कधीही मान्य केले नाही.

या बाबतीत ते चुकले, असे आज म्हणावे लागते. वर्दी विजेनेही जाते आणि रसायनानेही, असे आता मानले जाते. त्यांच्या आणखीही काही गोष्टी टिकल्या नाहीत. झाडाच्या खोडातील पेशी हृदयासारख्या स्पंदन पावून रस वर चढवितात, हा त्यांचा सिद्धान्त वनस्पतिशास्त्रज्ञांनी नाकारला आणि तो नाकारणे योग्यच होते. उत्तरायुष्यात बरेचसे लेखन ते आपल्याच संस्थेच्या नियतकालिकातून व स्वतंत्र ग्रंथांतून प्रसिद्ध करीत. त्यामुळे इतरांकडून होणारी कठोर तपासणी टळली आणि त्यात त्यांचेच नुकसान झाले. 'मज्जातंतू' हा शब्दही वादाला कारण झाला. वनस्पतीला मज्जापेशी नाहीत, मेंदू नाही. काहाल यांना दिसलेला तो चाचपडणारा शंकू वनस्पतीत नाही. तुटलेला भाग वनस्पती नव्या पेशी निर्माण करून भरून काढते. माणसाच्या शरीरात पूर्ण वाढलेली मज्जापेशी विभागून दुसरी निर्माण करीत नाही, ती फक्त आपला धागा लांबवू शकते. हे भेद मूलभूत आहेत. १९०१ मध्ये एक शब्द न बदलण्यात जगदीशचंद्रांचे बरोबर होते, कारण वनस्पतीचा प्रतिसाद हा खरोखर प्रतिसादच होता. दुसरा शब्द त्यांनी थोडा सैल ठेवला असता, तर पुढच्या पिढीच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांची आकडेवारी कदाचित इतकी दूर लोटली नसती.

२३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. एकोणऐंशीव्या वाढदिवसाला आठवडाच उरला होता. नंतर कित्येक दशके वनस्पतींच्या विद्युत्-संदेशांकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९९२ मध्ये टोमॅटोच्या रोपांवर प्रयोग झाले. रोपाच्या एका पानाला जखम केल्यावर निघालेला विजेचा संदेश दूरच्या पानात पोहोचतो आणि तेथे किड्यांना रोखणारी प्रथिने तयार होऊ लागतात, असे त्यांत आढळले. टोमॅटो ही काही पाने मिटणारी वनस्पती नव्हे. साध्या भाजीपाल्यातही प्रतिसाद असतो की नाही, हाच तर १९०१ चा वाद होता. लाजाळूच्या देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर गादीतील पेशींतून विजेच्या स्पंदाबरोबर क्षार आणि पाणी झटकन बाहेर पडते आणि म्हणून देठ पडते, हेही आता स्पष्ट झाले आहे.

२०१८ मध्ये संशोधकांनी मोहरीच्या कुळातील एका छोट्या रोपात अशी व्यवस्था केली, की पेशीत कॅल्शियम वाढले की ती पेशी उजळून दिसावी. मग त्या रोपाच्या पानावर सुरवंट सोडला. सुरवंटाने पान कुरतडताच जखमेपाशी उजेड उमटला आणि काही मिनिटांतच दूरची पानेही उजळली. या लहरीची सुरुवात ग्लुटामेट या द्रव्याने होते असे आढळले. प्राण्यांच्या मेंदूत एका मज्जापेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारे द्रव्यही हेच आहे. पानातून पानात जाताना तो उजेड शिरांच्या वाटेने गेला. जगदीशचंद्रांनी आपली प्लॅटिनमची तार जेथे थांबविली होती, त्या रसवाहिन्या याच शिरांमध्ये असतात.